छातीवरचा ‘शिकाऊ’

मी ‘शिकाऊ’ बोलतोय. आडनाव नाही, हुद्दा नाही, एवढंच नाव. बोटाएवढी पांढरी प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर निळी अक्षरं आणि पाठीला टाचणी. छापखान्यात माझ्याबरोबर ढिगाने भावंडं जन्मली. बहुतेक सगळी कचऱ्यात गेली असतील. मी टिकलो, कारण मी चिवट आहे.

माझं आयुष्य गेलं ते एका मोठ्या दुकानात. चेहऱ्याची मलमं, केसांची तेलं, लिपस्टिक, जीवनसत्त्वांच्या गोळ्या, सगळं तिथे एका छपराखाली मिळतं. गिऱ्हाइकाला काय हवं ते समजून घेऊन सल्ला देणारी माणसं तिथे काउंटरवर उभी असतात. त्यांच्यातल्या नव्या माणसाच्या छातीवर मी असतो.

मला हौसेने कोणी लावत नाही, हे आधीच सांगून टाकतो. एकाने मला कॉलरखाली दडवलं. एकीने केस पुढे सोडून झाकलं. एका बहाद्दराने तर माझ्यावर सवलतीचा कागद चिकटवला होता. परीक्षा झाली की पायातला काटा उपटावा तसे मला उपटतात. पूर्वी वाईट वाटायचं, पुढे पुढे राग यायला लागला. अरे, मी काय तुमचा गुन्हा आहे का?

मग ती आली. तिशी ओलांडलेली. आधी कित्येक वर्षं फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी केलेली, जिथे कोणाला तुमचं तोंड दिसत नाही. तिच्या ओठांभोवती, डोळ्याच्या कडेला आणि दोन्ही हातांवर कोडाचे पांढरे डाग होते. कपडे बदलायच्या खोलीत आरशासमोर उभं राहून तिने मला सरळ लावलं, सगळ्यांना दिसेल असं. तोंडाने कोणी काहीही बोलो, आतली धडधड मला आधी कळते. तिचं काळीज नुसतं उडत होतं, पण हात स्थिर होता.

दुकानामागच्या बिनखिडकीच्या खोलीत शिकवणी चाले. शिकवणाऱ्या प्रौढ बाईंचा आवाज बसका होता आणि त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी लिपस्टिकला कोणाला हात लावू दिला नाही, सगळ्यांकडून फक्त हात धुऊन घेतले. आधी कान वापरायचे, मग हात आणि सगळ्यात शेवटी तोंड, असं त्या सांगत. मलम आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. चट्टा चिघळलेला दिसला तर विक्री बुडाली तरी चालेल, माणसाला डॉक्टरकडे धाडायचं.

पुढे काय, असं कोणीतरी विचारलं. बाई म्हणाल्या की सल्लागार झालात की काउंटरप्रमुख होता येतं, औषधांच्या बाजूला जाता येतं, त्यांच्यासारखं घसा फोडून शिकवता येतं, स्वतःचं दुकानही टाकता येतं. “वाटा पुष्कळ आहेत,” त्या माझ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “दार मात्र हे एकच.” आयुष्यात पहिल्यांदा माझी कॉलर ताठ झाली. कॉलर दुसऱ्याची होती, ते सोडा.

काउंटरवरच्या मुलींनी तिचं नाव ठेवलं ‘नकाशा’. तिच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातलीच एक विचारायला आली, उन्हाच्या मलमाचा नवा माल कुठे ठेवलाय? ती शांतपणे म्हणाली, “नकाशाला विचारलंस ते बरं केलंस. डावीकडचं खालचं कपाट.” ती मुलगी आधी गोरीमोरी झाली, मग हसली. नाव राहिलं, पण त्यातला डंख गेला.

खरी गाठ पुढे पडली. एका गिऱ्हाईक बाईला चेहऱ्याचा रंग जुळवून हवा होता. हिने तिचं मनगट बघायला हात पुढे केला, तर तिने चटका बसल्यासारखा आपला हात ओढून घेतला आणि दुसरं कोणीतरी पाठवा म्हणाली. जाताना तक्रारही करून गेली.

मजल्याचा कारभार बघणारे साहेब तसे वाईट नव्हते, वरच्यांना टरकून असत. त्यांनी तिला बोलावून घेतलं.

“माझा तुमच्यावर राग नाही,” ते म्हणाले, “पण लोक इथे सुंदर व्हायला येतात. हे झाकून उभ्या राहा. नाहीतर मागे गोदामात जागा आहे.”

“गोदामात सल्ला कोणाला देऊ? खोक्यांना?”

साहेबांनी विचार करा म्हणून सांगितलं आणि ते कागद चाळू लागले. चाळायला त्यात काही नव्हतं.

त्या दिवशी ती मला काढायला विसरली आणि मी तिच्या घरी गेलो. जेवताना तिने आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, “लाव ना गं थोडं डागांवर. काय जातं? मी काय तुला जन्माला पुरणार आहे?”

“तू मला शाळेत पाठवताना लावायचीस ना, तेव्हा तुझा हात थरथरायचा. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलंय.”

आई उठली आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला बसली.

परीक्षेला बाहेरून एक परीक्षक बाई आल्या. चेहऱ्यावरचा एखादा डाग झाकून दाखवायचा होता. कोणी बहिणीला आणलं होतं, कोणी मैत्रिणीला. हिने कोणालाच आणलं नव्हतं. तिची पाळी आली तेव्हा ती स्वतःच आरशासमोर बसली आणि चेहऱ्याची एकच बाजू करायला घेतली. रंग मिसळून मिसळून त्वचेशी जुळवला, स्पंजने दाबत दाबत बसवला, पावडर मारली, थांबली, पुन्हा दाबला. परीक्षक बाईंनी चष्मा लावून जवळून पाहिलं. डागाची कड त्यांना सापडेना.

दारात उभे असलेले साहेब खुलले. म्हणाले, “बघा, जमतं की! रोज असंच या.”

तिने चेहरा वळवून उघडी बाजू त्यांच्यापुढे केली.

“जमतं, हेच दाखवायचं होतं. ज्याला झाकायचंय त्याला मी इतकं चांगलं झाकून देईन की त्याचं त्यालाच ओळखू येणार नाही. पण माझ्या तोंडावर काय असावं ते मी ठरवणार. मला काउंटरवर उभं करा, नाहीतर नापास करा. गोदामात मी जाणार नाही.”

मी तिच्या धडधडीची वाट पाहत होतो. काळीज अगदी संथ चालत होतं.

टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. साहेब निघून गेले. परीक्षक बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. आमच्या बाईंनी घसा खाकरला आणि पुढच्या मुलीला बसायला सांगितलं.

ती पास झाली. साहेबांनी तिला जिन्याखालचं कोपऱ्यातलं काउंटर दिलं, जिथे कुत्रंही फिरकत नसे. पुढचं मी तिच्या हाताखाली शिकायला आलेल्यांच्या छातीवरून पाहिलं. मान भाजलेला एक आचारी तिच्याकडे आला. बाहीतून हात बाहेर न काढणारी शिक्षिका आली. बाळंतपणानंतर केस गळणारी एक मुलगी आली. प्रत्येकाला ती आधी विचारी, “झाकायचंय, की नुसतं बोलायचंय?” झाकायचं असेल त्याला उपदेश न करता झाकून देई. काही गिऱ्हाइकं तिला पाहून अजूनही वळत. जग सुधारलं असली थाप मी मारणार नाही.

एक दिवस तिची आई आली. बराच वेळ तेलाच्या बाटल्यांआडून बघत राहिली. मग गिऱ्हाइकासारखी स्टुलावर बसली आणि म्हणाली, “माझ्या डोळ्यांखाली काळं झालंय. बघतेस का?” लेकीने तिची हनुवटी हातात धरली. या वेळी तोंड आईचं होतं आणि हात लेकीचा. आईने डोळे मिटून घेतले.

बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी ती शिकवू लागली. तेव्हा वरून हुकूम आला की ‘शिकाऊ’ वाचून गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ‘सौंदर्यतज्ज्ञ’ म्हणा. चकचकीत बिल्ल्यांचं खोकंही आलं. तिने ते तसंच परत पाठवलं. म्हणाली, “पहिल्या दिवशी कोणी तज्ज्ञ नसतं. लोकांच्या डोळ्यांपाशी हात नेणाऱ्याच्या छातीवर मी खोटं लावणार नाही.” तिची बढती अडली, ती अजून अडलेलीच आहे. ती हटली नाही आणि मीही नाही.

आता माझी अक्षरं पुसट झालीत, टाचणी वाकलीय. आज सकाळीच चाळिशीच्या एका गृहस्थाने मला लावलं. कारखाना बंद पडल्यावर नव्याने सुरुवात करतोय बिचारा. बिचारा कसला, वाघ आहे! त्याच्या हातांना साबणाचा वास येतो.

उद्या तुम्ही याल, मला वाचाल आणि तुमचं पाऊल पलीकडे वळेल. वळायचं तर वळा, मी काही पाया पडणार नाही. पण एकदा त्याला विचारून बघा. तो आधी तुमचं ऐकून घेईल. आणि मला लपवायला, बदलायला निघालेल्या साहेबलोकांना एवढंच सांगतो, त्याचं शिकून झालं की तो स्वतःच मला काढून ठेवील. त्याआधी हात लावलात, तर टाचणी वाकडी असली तरी टोचते.