आणीबाणीचं बटण

अमेरिकेतल्या मिनेसोटात कुणी एखाद्या गोष्टीला "वेगळं आहे हं" म्हटलं, की समजावं, त्या गोष्टीचे बारा वाजले. ऑर्लिन त्वाइटने बायकोच्या नव्या हीट पंपाला नेमकं हेच म्हटलं.

आर्डिसने तो पंप हौसेने बसवून घेतला होता. थंडी बेताची असेतो बाहेरच्या हवेतलीच ऊब ओढून पंप घर तापवणार. तळघरातली जुनी गॅसची भट्टी फक्त कडाक्याच्या दिवसांसाठी. हिशेब चोख होता. त्यात ऑर्लिनचे पाय तेवढे धरलेले नव्हते.

चाळीस वर्षं तो पहाटे कॉफीचा कप घेऊन स्वयंपाकघरात, जमिनीतून गरम हवा सोडणाऱ्या जाळीवर मोज्यांनिशी उभा राही. भट्टीचा झोत विजारीतून थेट गुडघ्यांपर्यंत चढे. पंपाची हवा मात्र कोमट. घर उबदार, पण झोतात दम नाही. तक्रार करणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने गुपचूप भिंतीवरचं 'आणीबाणी' लिहिलेलं बटण दाबलं. पंप बंद, भट्टी चालू, गुडघे खूश.

नोव्हेंबरात अंगणातली गॅसची टाकी निम्म्यावर आली, तेव्हा आर्डिसने दुरुस्तीवाल्या ग्वेनला बोलावलं.

"पंपाला काही झालेलं नाही," ग्वेन म्हणाली. "तीन आठवडे कुणी तो चालूच दिला नाही. आणीबाणी कुणी लावली?"

"घरात माणसं दोन," आर्डिस म्हणाली. "आणि मला तरी आणीबाणी नव्हती."

"कॉफी घेशील, ग्वेन?" ऑर्लिनने विचारलं.

आर्डिसने जाळीवरच्या त्याच्या मोज्यांकडे पाहिलं. "पाय गारठले होते, तोंड तर गोठलं नव्हतं ना तुझं? सांगायचंस!"

"सांगितलं होतं. वेगळं आहे म्हणालो होतो."

आर्डिसने आठवून पाहिलं. म्हणाला होता खरा. इतकं स्पष्ट तर तो लग्नाची मागणी घालतानाही बोलला नव्हता.

"बाहेर किती थंडी पडली की भट्टी आपोआप पेटते गं?" तिने ग्वेनला विचारलं.

"उणे पंधरा अंशांला."

"उणे आठला पेटव."

"गॅस जास्त जाईल."

"जाऊ दे. नवराही जुनाच आहे, भट्टीवरच चालतो."

डिसेंबरात एका सकाळी शेजारचा डेल्विन बुटांवरचा बर्फ झटकत आत आला. "मेलो रे! उणे नऊ! उद्या पारा आणखी उतरणार म्हणे."

"खरंच?" ऑर्लिनचा चेहरा उजळला. तापलेल्या जाळीवर जरा सरकून त्याने डेल्विनसाठी जागा केली.