'सोड' म्हणायचं नाही

"आत 'सोड' म्हणायचं नाही, किती वेळा सांगितलं तुला?" खुंटा झाकणाच्या भोकात तोंड घालून ओरडला.

खालून, मक्याच्या धुरळ्यातून, हसण्यासारखं काहीतरी वर आलं. हसणंच असावं. हल्ली खुंट्याला खात्री नसायची.

"कळलं भाऊजी, कळलं. पण धडा शिकवायला डोकं आपटायलाच पाहिजे का माझं?"

एवढं लांबलचक बोलणं असलं की खुंट्याला समजायचं. चार शब्द निसटले तरी उरलेल्यांवरून लागायचा अंदाज. घोडं अडायचं ते एका शब्दावर.

आत हवा सोडणाऱ्या पंख्यापाशी बसलेला मुकादम खो खो हसला. त्याला वाटलं, खुंट्याने मुद्दाम केलं. मेव्हण्याने 'सोड' म्हटलं, नियम मोडला, म्हणून दोर द्यायच्या ऐवजी गर्रकन वर ओढला आणि भिंतीवर आपटवला. दाजी-मेव्हण्याची मस्ती. खुंटाही हसला. हसताना त्याच्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि तो काही उन्हाचा नव्हता.

सायलो म्हणजे पत्र्याचा उभा डबा. इमारतीएवढा उंच, वर टोपीसारखं छप्पर, छपराला जेमतेम माणूस मावेल एवढं भोक. हा कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्यातला. आत मका. मक्याला कुठून तरी ओल लागली, तो भिंतीला चिकटून दगड झाला, आणि खालचं गेट उघडलं तरी दाणा बाहेर येईना. असं झालं की कारखानेवाले मुकादमाला फोन करायचे आणि मुकादम घुशीला आत सोडायचा.

घूस म्हणजे खुंट्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. कुठल्याही भोकातून आत शिरायचा म्हणून घूस. आणि खुंटा दोर धरणारा. एकदा बसला की हलायचा नाही, म्हणून खुंटा. भोकावर तीन पायांचं तिकाटणं, तिकाटण्याला चरखी, चरखीवर दोर, दोराला घूस. हँडल फिरवलं की घूस वर. अंगठ्याने खटका दाबला की घूस खाली. हाताचं काम एवढंच. बाकी सगळं कानाचं.

आत लोंबकळत घूस पितळी टोकाच्या लांब काठीने भिंतीवरचा मका फोडायचा. पितळी अशासाठी, की लोखंडाची ठिणगी उडाली तर धुरळाच पेट घेतो. काठी मारताना दोर सारखा हिसके खायचा, म्हणून दोर हलवून खुणा करण्यात अर्थ नव्हता. मुकादमाने वॉकीटॉकी आणल्या होत्या. बाहेर पोपटासारख्या बोलायच्या, पत्र्याच्या पोटात गेल्या की नुसती खरखर. म्हणून शब्द. दोर हवा असेल तर 'दे'. वर घ्यायचं असेल तर 'ओढ'. 'सोड' बंद. सायलोत आवाज घुमतो. तो शब्दाचं तोंड खाऊन टाकतो आणि शेपूट तेवढं वर पाठवतो. सोड काय नि ओढ काय, वर येतं ते 'ओड'. एकात माणूस वर येतो, दुसऱ्यात खाली जातो.

पण घूस आधी विहिरींचा गाळ काढायच्या कामावर होता. तिथे सगळे 'सोड'च म्हणतात. जिभेला लागलेली सवय, घाईत निसटायची. पूर्वी निसटली तरी बिघडायचं नाही. खुंट्याला त्या घुमण्यातूनही पुढचा 'स' ऐकू यायचा. गवतातून साप जातो तसा, बारीक.

तो साप यायचा बंद झाला होता.

आधी घरातली केरसुणी मुकी झाली. बायको झाडताना दिसायची, केरसुणी काही बोलायची नाही. खुंट्याला वाटलं, नवीन आणली असेल. मग कुकरची शिट्टी गेली. मग शेजारच्या पोराने शीळ मारली आणि कुत्रं पळत गेलं, तेव्हा खुंट्याला कळलं की कुत्र्याला जे ऐकू येतं ते आपल्याला येत नाही. आयुष्यभर पत्र्यावर घण, पंखे, हवेचे पाइप. कानांनी कधी तक्रार केली नाही, एक दिवस न सांगता निघून गेले. म्हणजे सगळे नाही. जाडे आवाज राहिले. बारीक गेले.

त्याने कुणाला सांगितलं नाही. ज्याचे कान गेले त्याला भोकापाशी कोण बसवणार? आणि आपण उठलो तर बसणार लंबू. लंबू म्हणजे खाली गेटपाशी कुलपाची किल्ली सांभाळत बसणारा गडी, ज्याची मान मोबाईलमधून वर यायला सूर्यग्रहण लागायचं. त्याच्या हातात बायकोच्या भावाचा जीव द्यायचा? त्यापेक्षा आपण बरे. हे कारण खुंट्याला आवडायचं. निम्मं खरं होतं ना.

मग त्याने युक्ती काढली. प्रत्येक शब्द दोनदा बोलायचा. दे, दे. ओढ, ओढ. सुरक्षा म्हणून, असं सांगितलं. मुकादम इतका खूश झाला की दुसऱ्या टोळ्यांसमोर सांगत सुटला, "आमच्या खुंटेरावांकडून शिका. वय वाढतंय तशी शिस्त वाढतेय." खुंटा मान खाली घालून उभा. लोकांना वाटलं, लाजला.

आज सकाळीही निघताना बायको दारात काहीतरी म्हणाली. पाठमोरी होती. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण रोज म्हणते तेच असणार, त्याला नीट वर आणा. खुंट्याने मान हलवली. आता इथे बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं, वेगळंच काही म्हणाली असेल तर?

"दे, दे," खालून आलं.

हे स्पष्ट होतं. 'दे'चं 'दे' राहतं. खुंट्याने खटका दाबला, दोर डुलत डुलत गेला, खटका सोडला. काठीचे ठोके सुरू झाले. मक्याचं एक मोठं ढेकूळ सुटलं आणि धप्पकन पडलं. त्याचा हादरा खुंट्याच्या बुडापर्यंत आला. धुरळा भोकातून वर उसळला. मुकादमाने तोंडावर रुमाल धरला.

आत काय झालं ते नंतर घुशीने सांगितलं. ढेकूळ पडल्यावर खालचा मका सपाट, घट्ट, अंगणासारखा दिसायला लागला. भिंतीचा कोपरा काठीला पुरत नव्हता. घुशीने एक पाय त्या अंगणावर टेकवला. टेकवायचा नसतो. वरून घट्ट दिसणाऱ्या मक्याखाली पोकळी असते, हे त्याला त्याच्या नावाइतकं माहीत होतं. पण हात जरासाच कमी पडत होता, आणि जरासंच कमी पडतं तिथेच माणूस फसतो.

अंगण फुटलं.

वर आवाज आला, "ओड!"

एकदाच.

खुंट्याचा हात हँडलवर आणि अंगठा खटक्यावर. एकदाच का बोलला? एकदाच बोलतो तेव्हा घाईत असतो. घाईत असतो तेव्हा जुनी सवय निसटते. मघाशी आपण ओढला आणि तो आपटला. म्हणजे आता सोड. हे सगळं डोक्यात एका दमात झालं आणि अगदी शहाण्यासारखं वाटलं.

त्याने खटका दाबला.

दोर गेला. पण डुलत नाही गेला. गळाला मोठा मासा लागावा तसा सरळ, ताठ, तळहात सोलत गेला. कानाला जे कळलं नाही ते हाताला कळलं. खुंट्याने अंगठा काढला, खटका दातात बसला, दोर कण्हला. त्याने हँडल फिरवायला घेतलं तर ते जागचं हलेना.

"मुकादम, हँडल," तो म्हणाला. त्याला वाटलं आपण ओरडलो. आवाज निघालाच नव्हता, पण मुकादमाने त्याचं तोंड पाहिलं आणि तो धावत आला.

दोघांनी मिळून हँडल एक दात फिरवलं. मग आणखी एक. मका कमरेला धरून बसला होता, पावलापावलाला सुटत होता. खुंटा काही ऐकत नव्हता, ऐकायला काही नव्हतंच. दोर जड होता तोवर दोराला माणूस आहे एवढंच कळत होतं. मग एकदम हलका झाला आणि खुंट्याला वाटलं, दोराला आता कुणी नाही. पण नाही, मक्याने सोडलं होतं. हँडल भराभर फिरलं आणि भोकातून आधी पिवळं डोकं आलं, मग पिवळे खांदे. एका पायात बूट नव्हता.

घूस पत्र्यावर आडवा पडून खोकत राहिला. मास्क गळ्यात आला होता. नाकात मका, कानात मका. खोकला थांबल्यावर त्याला हसू आलं आणि ते थांबेना.

"ताईने मागच्याच महिन्यात घेऊन दिला होता तो बूट," तो म्हणाला. "आता कोंबड्या खातील."

मग त्याने खुंट्याचा पाय धरला. "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून."

मुकादम घाम पुसत म्हणाला की खुंट्याच्या जागी दुसरा असता तर आज पंचनामा झाला असता. खुंट्याच्या तळहाताची साल निघाली होती, तिकडे तो बघत होता.

"मधेच दोर जरा गेला ना," घूस म्हणाला. "काळजात धस्स झालं. खटका घसरला का?"

"झिजला असेल," मुकादम म्हणाला. "जुनाय. बदलून टाकू."

बसल्या जागी सुटका समोर आली होती. काही बोलायचंही नव्हतं. नुसतं गप्प बसायचं, आणि त्यात खुंट्याचा हात कुणी धरला नसता. उद्या नवा खटका, तोच खुंटा. त्याने खटक्याकडे पाहिलं. सकाळीच त्याने स्वतः त्याला तेल लावलं होतं. दात नव्या नवरीच्या दातांसारखे चमकत होते.

"खटका चांगलाय," तो म्हणाला.

"मग?"

खुंटा उठला. खुंटा उठला म्हणून मुकादमही उठला. खुंट्याने दोघांकडे पाठ केली आणि समोरच्या रिकाम्या आभाळाकडे बघत तो म्हणाला, "घुशी, सोड म्हण नाहीतर ओढ म्हण. मनाला येईल ते. मी सांगतो तू काय म्हणालास."

"काय खेळ लावलाय, भाऊजी?"

"म्हण."

मागे पंखा घुमत होता. त्यातून आलं, "ओड."

"ओढ," खुंटा म्हणाला.

पुन्हा आलं.

"ओढ."

पुन्हा.

"सोड," खुंटा म्हणाला, कारण सारखं तेच कसं असेल.

मागून काहीच आलं नाही. खुंटा वळला. घूस मक्याने माखलेला बसला होता, पिवळ्यातून नुसते डोळे दिसत होते.

"बरोबर," घूस मोठ्याने म्हणाला. "तिन्ही बरोबर."

मुकादम मोबाईलकडे बघत होता. मोबाईल बंद होता.

कान गेले तरी डोळे जागेवर होते. खुंटा घुशीशेजारी बसला आणि त्याच्या कानातला एक दाणा काढून फेकला. "तुझ्या बहिणीसारखाच आहेस," तो म्हणाला. "तीही कोणी चिडेल म्हणून खारट भाजीला छान म्हणते. खटका घसरला नाही. मी दाबला. तू ओढ म्हणालास आणि मी दोर दिला."

घूस उघड्या पायाची बोटं हलवत राहिला. मग त्याने विचारलं, "कधीपासून?"

"केरसुणी ऐकू येत नाही तेव्हापासून."

"आणि तुम्ही मला आत सोडत होतात."

घुशीने कमरेचा पट्टा सोडला, तो खुंट्याच्या मांडीवर टाकला आणि एका बुटाने शिडी उतरून गेला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. खुंट्याला ते बरोबरच वाटलं. तो पट्टा झटकत बसला. मका निघत होता, निघतच होता.

घरी त्याने जेवणाआधीच सांगितलं. बायकोने ताट खाली ठेवलं. आधी भावाचं विचारलं, लागलं का, खाल्लं का, कुठे आहे. मग तिने केरसुणी उचलली, त्याच्या मागे जाऊन फरशीवर दोन फटकारे मारले आणि पुढे येऊन त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिचे डोळे भरले.

"मला वाटलं, माझंच ऐकू येत नाही तुम्हाला," ती म्हणाली. "कुठल्याच नवऱ्याला येत नाही."

मग तिने त्याच्या समोर येऊन, ओठ नीट हलवत विचारलं, "सकाळी मी काय म्हणाले होते?"

"त्याला नीट वर आणा."

"त्याच्या बुटाची नाडी तुटलीय, त्याला सांगा म्हटलं होतं."

दोन दिवस घूस घरी फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी कामावर आला, नवे बूट, गच्च बांधलेल्या नाड्या. खुंट्याशी बोलला नाही. मुकादमाला मात्र म्हणाला की वर लंबू बसणार असेल तर त्याचा मोबाईल खाली भाऊजींच्या खिशात राहील, नाहीतर मी आत जाणार नाही. मग लंबूला समोर उभं करून त्याच्याकडून 'दे' आणि 'ओढ' घोकून घेतलं. लंबू चुकला. घुशीने त्याला टपली मारली. शिडी चढताना अर्ध्यावर थांबून घुशीने खाली पाहिलं, हात वगैरे केला नाही, नुसतं पाहिलं, आणि चढत गेला.

खुंटा खाली गेटपाशी बसला. माणूस आत असताना गेट उघडलं तर मका त्याला घेऊनच खाली जातो, म्हणून गेटला कुलूप, किल्ली त्याच्या मुठीत. ही जागा सावलीची होती. इथे काही ऐकावं लागत नव्हतं. त्याने सायलोच्या पत्र्यावर डावा हात ठेवला. थोड्या वेळाने ठोके आले, वरून, पत्र्यातून, तळहाताच्या सोललेल्या कातडीत. एकामागून एक. घूस काम करत होता.

मग ठोके थांबले.

दोर मागत असेल. किंवा घाम पुसत असेल. खुंट्याने वर पाहिलं तर नुसता पत्रा आणि उन्हाची तिरीप. मुठीतल्या किल्लीवर त्याचा उजवा अंगठा, खटक्यावर दाबावा तसा, घट्ट दाबला गेला होता. त्याने तो उचलला आणि तसाच, हवेत धरून ठेवला.