बाहेरची माणसं

दार लागलं आणि चष्मेवालीच्या लक्षात आलं, की पोरीला मोकळं करायचं राहूनच गेलं.

पोर साडेपाच वर्षांची. जन्मली तेव्हा अशी काही रडली होती, की नर्स म्हणाली, "ही पोर नव्हे बाई, पिपाणी आहे." तेव्हापासून ती पिपाणीच. आत्ता ती कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, समुपदेशक बाईंच्या समोर बुटक्या खुर्चीवर पाय हलवत बसली असणार. ती काय बोलते त्यावर ठरायचं होतं, की पुढे कुणाजवळ राहायचं. समोरच्या बाकावरच्या आजी-आजोबांजवळ, की या बाकावर तिची पाण्याची बाटली मांडीत धरून बसलेल्या बाईजवळ, जिचं त्या पोरीशी कागदावर काडीचंही नातं नव्हतं.

वकीलबाईंनी दहा दिवस आधी बजावलं होतं, "मुलीला एक अक्षर पढवायचं नाही. पढवलेली मुलं त्या बाईंना दोन मिनिटांत कळतात. जे आहे ते ती आपणहून सांगेल. मुलं खोटं बोलत नाहीत."

चष्मेवालीने ते तंतोतंत पाळलं होतं. पोरीने विचारलं, "कुठे जायचंय?" तर ही म्हणाली, "एका काकूंशी गप्पा मारायला." पोरीने विचारलं, "बाहेरच्या काकू?" तर ही म्हणाली, "हो." बस्स. पढवलं नाही. म्हणजे गेल्या दहा दिवसांत नाही. त्याआधी तीन वर्षं मात्र दुसरं केलं काय होतं?

घरात दोघी. एक शाळेत गणित शिकवायची, तिला घरी मास्तरीणच म्हणायचं. दुसरी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून नंबर काढायची, ती चष्मेवाली. नऊ वर्षांचा संसार. पिपाणी मास्तरणीच्या पोटची, बापाच्या जागी दवाखान्यातला अनोळखी दाता, पण दात येताना चावली ती चष्मेवालीच्या खांद्याला, आणि पहिलं पाऊल टाकलं ते तिच्याच दिशेने. मास्तरीण 'आई'. चष्मेवाली 'आऊ'. आऊ हे नाव कुणी ठरवलेलं नव्हतं. ते पोरीच्याच तोंडून पडलं आणि चष्मेवालीने ते झेललं.

पण दाराबाहेर आऊ नव्हती. दाराबाहेर होती मावशी. आईची मैत्रीण, दुसऱ्या खोलीत भाड्याने राहते. मास्तरणीच्या शाळेने 'असल्या प्रकारावरून' एका शिक्षकाला घरी बसवलं होतं, आणि ती जागा भरायला चार दिवससुद्धा लागले नव्हते. म्हणून पिपाणीला वाक्यं फुटायला लागली तसा चष्मेवालीने खेळ काढला.

"मी बाहेरचं माणूस हं. सांग, ही कोण?"

"मावशी!"

"आणि घरात काय म्हणतेस?"

इथे पोर फसायची. मग फसेनाशी झाली. शेवटची पायरी सगळ्यांत अवघड. चष्मेवाली स्वतःच गळ घालायची, "अगं, आता चालेल, मीच सांगतेय ना? सांगून टाक." आणि तरीही जी सांगत नाही, ती जिंकली. जिंकलं की एक मूठ मनुका.

"पोरीला हेर करणार आहेस का गं?" मास्तरीण एकदा म्हणाली. हसत म्हणाली, पण वह्यांवरून मान वर न करता.

दोन वर्षांपूर्वी कायदा बदलला. दोन बायकांना, दोन पुरुषांना नोंदणी कार्यालयात जाऊन लग्न करता येऊ लागलं. त्याच आठवड्यात मास्तरीण अर्ज घेऊन घरी आली.

"ऊठ. लग्न करू."

"आत्ता? गॅसवर दूध आहे."

"दूध उतरव, मग करू."

"आपलं अडलंय काय शिक्क्यावाचून? माझ्या ताईचं झालं की शिक्क्याचं. बारा वर्षं नवऱ्याचे मोजे शोधतेय बिचारी."

"मी मोजे शोधायला नाही म्हणत, बाई. एक सही कर म्हणतेय."

"ज्यांनी आपल्याला कधी उंबऱ्यात उभं केलं नाही, त्यांच्याकडून प्रेमाची पावती घ्यायची? मी नाही घेणार."

"पावती नको. पण पोरीला दोन आया आहेत एवढं कुठेतरी लिहिलेलं असू दे. उद्या मला काही झालं तर?"

"तुला काय होतंय! धडधाकट घोडी."

बोलायला ती फार छान बोलली होती. मैत्रिणींमध्येही बोलायची: लग्न म्हणजे दुसऱ्यांनी आखलेली चौकट, आपण कशाला तिच्यात शिरायचं. खरी गोष्ट वेगळी होती. नोंदणी कार्यालयाबाहेर एक फळा होता, काचेचा. लग्न करणाऱ्यांची नावं, फोटोसकट, तीस दिवस त्याच्यावर लागायची. फळा भर रस्त्यावर, तिच्या दुकानापासून दोन चौक पलीकडे. ती एकदा एकटीच जाऊन तो बघून आली होती. काचेत स्वतःचा चेहरा दिसला तेव्हा पाचावर धारण बसली. तिची गिऱ्हाइकं तिथून जायची. तिची आई भाजी घ्यायला तिथून जायची. हे तिने मास्तरणीला कधी सांगितलं नाही. भीतीला तत्त्वाचा चांगला कपडा घातला की ती ओळखू येत नाही.

मास्तरणीने चारदा विचारलं. पाचव्यांदा विचारलं नाही.

आणि पाच आठवड्यांपूर्वी शाळेत, तपासायच्या वह्यांवर तिने डोकं टेकलं ते उचललंच नाही. मेंदूतली नस फुटली म्हणाले. दोन दिवस होती. आई-वडील आले, त्यांना आत सोडलं. चष्मेवाली काचेबाहेर. "आपण कोण?" या प्रश्नाला तिनेही सवयीने "मैत्रीण" असंच उत्तर दिलं होतं.

"म्हणतात ना, माय मरो पण मावशी जगो," समोरच्या बाकावरून आजी मोठ्याने म्हणाली, कुणाला उद्देशून नाही असं दाखवत. "आमच्याच नशिबी यायचं होतं. आणि मावशी तरी कसली? माझ्या पोटी एकच मुलगी जन्मली."

"गप्प बस ना," आजोबा म्हणाले. मग तेच बोलले, चष्मेवालीकडे बघत. "पोरीवर तुमचा जीव आहे, दिसतंय मला. मी आंधळा नाही. पण त्या अर्जात तुम्ही काय काय लिहिलंत! माझी गेलेली मुलगी चार लोकांत उघडी केलीत. ती जिवंत असताना कधी बोलली का असं काही?"

चष्मेवालीने बाटलीचं झाकण घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं. ती बोलणार होती हो, ती तर फोटोसकट बोलणार होती. मीच नको म्हणाले. हे ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

दार उघडलं. समुपदेशक बाईंनी फक्त तिलाच आत बोलावलं.

खोलीत चाकं गेलेली एक गाडी होती, रंगीत ठोकळे होते, आणि पिपाणी खाली बसून ठोकळ्यांवर ठोकळे चढवत होती. आऊला बघून ती गालात हसली. बाई पन्नाशीच्या. कागद हात लांब करून वाचत होत्या. यांचा जवळचा नंबर वाढलाय, चष्मेवालीच्या मनात उगाच येऊन गेलं.

"मुलगी म्हणते, घरात आई आणि मी," बाई हळू आवाजात वाचू लागल्या. "मावशी दुसऱ्या खोलीत. मावशी चांगली आहे. भाडं वेळेवर देते." त्यांनी मान वर केली. "तुमच्या अर्जात आहे, की मुलगी तुम्हाला आऊ म्हणते. मी विचारलं, आऊ कोण? म्हणाली, 'माहीत नाही. असं कुणी नसतं.'"

चष्मेवालीने सगळं सांगितलं. शाळा, भीती, खेळ, मनुका. सांगताना स्वतःचंच बोलणं तिला असं ऐकू येत होतं, जणू कुणी दुसरीच तिच्याविरुद्ध साक्ष देतेय.

"म्हणजे मुलीला पढवलेलं होतं."

"हो."

"मग आज तुमच्यासमोर ती उलट काही बोलली, तर ते पढवलेलं नाही हे मी कशावरून समजू?"



बाईंनी कागद बाजूला ठेवला. "विचारा तिला. मी इथेच बसते. एकच विचारायचं, घरात तुम्हाला काय म्हणते."

ती पिपाणीशेजारी जमिनीवर बसली. पोरीच्या फ्रॉकचं वरचं बटण उघडं होतं, ते लावायला हात गेला आणि तिने तो मागे घेतला. बटण लावणंसुद्धा इथे पुराव्यासारखं वाटत होतं.

"पिपाणी, तू घरी मला काय म्हणतेस?"

"मावशी."

"तसं नाही गं. आपण घरात, आपल्या घरात."

"मावशीच."

"आता खरं सांगायचं, बरं का. या काकू चांगल्या आहेत. मी सांगतेय ना? सांगून टाक."

पिपाणीचे डोळे चमकले. ती आधी तोंड दाबून, मग खदखदून हसली. "फसवतेस मला! मी नाही फसत."

"नाही गं राणी. खेळ संपला. खरंच संपला."

"असं पण म्हणाली होतीस तू मागे. मी फसले होते तेव्हा." तिने शेवटचा ठोकळा वर ठेवला आणि तळहात पुढे केला. "दे."

"काय?"

"मनुका."

समुपदेशक बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखर मऊ झाला होता, "मला तुमचं पटतंय. पण माझ्या पटण्याला कोर्टात खुर्ची नाही. मला मुलीचे शब्द लिहायचे असतात. आणि हा खेळ लिहिला, तर तोही तुमच्या बाजूचा दिसणार नाही."

दुपारी निकाल आला. पुढची तारीख तीन महिन्यांनी. तोवर मुलगी आजी-आजोबांकडे. "कुटुंबाशी परिचित महिला" दर रविवारी दोन तास भेटू शकेल. वकीलबाईंनी ते वाचून दाखवलं आणि चष्मेवालीच्या पाठीवर हात ठेवला. "अंतरिम आहे. लढू आपण. साक्षीदार आणू, शेजारी आणू."

शेजारी! शेजाऱ्यांना तर तिने पोरीहूनही चांगलं शिकवलं होतं.

आजोबा बाकावरून उठून आले. जिंकलेल्या माणसासारखे नाहीत. पाच आठवड्यांपूर्वी मुलगी गमावलेल्या माणसासारखेच. "या तुम्ही. दर रविवारी या. मावशी म्हणून या, बसा, चहा घ्या, पोरीला फिरवून आणा. मी दार लावणार नाही. पण ते दुसरं नाव माझ्या घरात नको."

आजीने पिपाणीचं दप्तर खांद्यावर घेतलं. पिपाणी शहाण्यासारखी आजीचं बोट धरून उभी राहिली, वळून हात हलवला आणि म्हणाली, "येते हं मावशी!" किती छान म्हणाली. कुठे अडखळली नाही. आपण केवढं अवघड काम पार पाडलंय, हे तिच्या सगळ्या अंगावर दिसत होतं.

तीन वर्षांत जे झालं नाही ते तेव्हा झालं. चष्मेवालीचा आवाज सुटला.

"मावशी नाही! मी आऊ आहे तुझी! ऐका, मी तिची आऊ आहे, आई आहे मी तिची! आम्ही दोघी... नऊ वर्षं... नवरा-बायको म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, आम्ही दोघी होतो!"

आख्खा व्हरांडा थांबला. फायली नेणारा कारकून थांबला, बाकांवरच्या बायका वळल्या, शिपाई खुर्चीतून अर्धा उठला. दोन चौक पलीकडच्या काचेच्या फळ्यावर तीस दिवस जे लावायचं नव्हतं, ते तिने चाळीस अनोळखी माणसांच्या तोंडावर एका दमात फेकलं होतं, आणि आता त्याचा कुणालाच उपयोग नव्हता.

"अहो, घाबरवताय पोरीला," आजी ओरडली.

पिपाणी खरंच घाबरली होती. पण ती आजीच्या मागे लपली नाही. बोट सोडवून ती धावत आली. चष्मेवाली गुडघ्यांवर बसली होती, तिच्या तोंडावर पोरीने आपला तळहात गच्च दाबला. मग ओठ तिच्या कानाला लावले. "आऊ, हळू," ती श्वासाइतक्या आवाजात म्हणाली. "बाहेरची माणसं ऐकतायत. तुला पकडतील."

तेवढ्यात आजीने येऊन तिला उचललं.

चष्मेवाली मागे वळली. समुपदेशक बाई खोलीच्या दारात उभ्या होत्या, आठ-दहा पावलांवर. "ऐकलंत? आत्ता म्हणाली ती. तुम्ही ऐकलंत ना?"

"काय म्हणाली?" बाईंनी विचारलं. मनापासून विचारलं, एक पाऊल पुढेही आल्या.

चष्मेवालीने सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला, साडीच्या टोकाने पुसला, परत घातला. हातातली फाईल त्यांनी उघडली नाही.

जिन्यावरून आजोबांचा आवाज वर येत होता. ते नातीला पायऱ्या मोजून दाखवत होते, एक, दोन, तीन, आणि पिपाणी त्यांच्या पुढे पळून पुढचे आकडे सांगत होती. आठव्या पायरीला जिना वळला.