तीन पात्यांची परीक्षा

रंगाऱ्याचा गडी अचानक काम सोडून गेला, तेव्हा वाचनालयाच्या खिडक्या निम्म्याच झाल्या होत्या. मग हाताखाली बायको आली. काचा बसवायला तिचा धाकटा भाऊ होताच. म्हणजे एकीकडे नवरा, दुसरीकडे भाऊ, आणि दोघंही दीडशहाणे.

पहिल्याच सकाळी नवऱ्याने शिडीवरून हात खाली केला. "पट्टी दे."

तिने डब्यातलं लाकडी मुठीचं एक पातं दिलं. त्याने न बघताच भिंतीच्या भेगेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायला घेतली आणि ओल्या लांबीत चर पडला.

"हा स्क्रॅपर आहे गं. जुना रंग खरवडायचा."

तिने दुसरं दिलं.

"ही तुझ्या भावाची. काचेच्या कडेची."

"सगळी सारखीच तर दिसतायत. फरक काय ते सांगा की."

"त्यात सांगायचं काय? हातात घेतलं की कळतं."

"ताई, घरी डाव आणि पळी ओळखतेस ना?" भाऊ खिडकीतून म्हणाला. दोघं असे खिदळले की ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

ती गप्प बसली. ती गप्प बसली की घरातलं मांजरसुद्धा जागा बदलतं. पण या दोघांच्या ते गावीही नव्हतं.

ते चहाला गेले, तशी तिने तिन्ही पाती खिडकीच्या चौकटीवर एकेक करून दाबून पाहिली. एक पातळ, कागदासारखं वाकलं. ती लांबी भरायची पट्टी. दुसरं जाड, ढिम्म हललं नाही, तो स्क्रॅपर. तिसऱ्याचं टोक एका अंगाला तिरपं कापलेलं. काचेच्या कडेची लांबी त्यानेच सफाईने ओढता येते. पाच मिनिटांचं काम. त्याचा एवढा बाऊ.

दुपारी डबे खाऊन झाल्यावर ती सहज म्हणाली, "हातात घेतलं की कळतं ना? मग डोळे बांधून ओळखा. पण पात्याला हात लावायचा नाही, नुसती मूठ धरायची."

नवरा लगेच तयार. तिने त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि हातात स्क्रॅपर दिला.

"स्क्रॅपर," तो म्हणाला.

तिने तो काढून घेतला, डब्यात खडखड केली आणि तोच परत हातात ठेवला.

"ही पट्टी. वजनच सांगतं."

पुन्हा खडखड, पुन्हा तोच स्क्रॅपर.

"आणि ही शालकबुवांची. मूठ जरा चिकट लागते."

भावाने हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला. ग्रंथपाल बाईंनी पुस्तक तोंडासमोर धरलं, तेही उलटं.

मग भावाची पाळी. नवऱ्याचं फडकं सोडून तिने ते भावाच्या डोळ्यांवर बांधलं. ताईची युक्ती त्याने डोळ्यांदेखत पाहिली होती, तेव्हा तो ऐटीत बसला. तिने त्याच्या हातात पट्टी दिली.

"स्क्रॅपर," तो म्हणाला.

मग त्याचीच तिरप्या टोकाची.

"तोच की."

शेवटी खरा स्क्रॅपर.

"ताई, मला नको शिकवू. तिन्ही वेळा तोच होता."

नवरा हे सगळं उघड्या डोळ्यांनी बघत होता. मेहुण्याची फजिती पाहून तो मांडी थोपटत हसला. मग भावाने फडकं काढून त्याला सांगितलं, की तुमच्या हातात तिन्ही वेळा स्क्रॅपरच होता, आणि दाजींचं हसणं जागच्या जागी थांबलं.

"आता एक खिडकी मी करते," ती म्हणाली.

कोणी नाही म्हणायच्या परिस्थितीत नव्हतं. भावाने काच धरली. तिने अंगठ्याने कडेला लांबी दाबत नेली आणि तिरप्या टोकाचं पातं वरून खाली एका दमात ओढलं. रेघ सरळ आली. फक्त खालच्या कोपऱ्यात जराशी गुठळी राहिली.

नवऱ्याने जवळ जाऊन पाहिलं. गुठळी त्याला दिसली, पण तो तिच्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. एवढी अक्कल त्या दुपारी त्याला आली होती.

"वरच्या मजल्यावर सहा खिडक्या आहेत," तो म्हणाला. "तीन तू घेतेस का?"

"चार घेते," ती म्हणाली आणि डबा उचलून जिना चढू लागली.