होडीवालीचे पान

थोरलीने भिंग यंत्राच्या चाकावरून उचलले, पुसले, उजेडात धरले आणि बाजूला टाकले. कड दोनदा घासली गेली होती. चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षे काढलेल्या बाईच्या हातून असे होत नाही; पण शेजारचा मोबाइल सकाळपासून टुणटुणत होता आणि दर टुणटुणीला धाकटीचे कौतुक होत होते.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. आणि कौतुक होत होते ते थोरलीच्या खेळावरून.

एकोणीस वर्षांपूर्वी एका साइटवर थोरलीने एक नदी आणि नदीकाठचे शहर मनाने उभे केले आणि अनोळखी माणसांना आत बोलावले. कुणी पहारेकरी झाले, कुणी चोर, कुणी वैद्य. आपले पात्र पुढे काय करते ते ज्याने त्याने लिहायचे. पण आधी घरी वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा वर पडले तर कलम तुमचे. खाली पडले तर तुमच्या पात्राचे पुढचे पान यादीतला पुढचा माणूस लिहिणार, तुम्ही गप्प वाचायचे. फासा टाकताना कुणी पाहत नसे. जो तो आकडा आपल्या वहीत लिही आणि बाकीचे त्यावर विश्वास ठेवत.

धाकटी लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला फासा म्हणजे सापशिडीचा एवढेच ठाऊक होते. थोरलीनेच तिला शेजारी बसवून शिकवले, यादीत आपल्या नावाखाली तिचे नाव घातले. पुढे माणसे संसाराला लागली, खेळ पेंगुळला. गेल्या चार वर्षांत खुद्द थोरली तिकडे फिरकली नव्हती. आणि साइट बंद होणार असे कळल्यावर धाकटी, जी दिवसभर रुग्णालयात जुने कागद लावते, ती घरी येऊन हेच करत बसली. अकराशे पाने एकेक करून नव्या जागी नेली, एकतीस जुने गडी हुडकून काढले. मध्यंतरी साइट एकदा विकली गेली होती तेव्हा सगळ्या जुन्या नावांच्या जागी नुसते ‘माजी सभासद’ झाले होते. ती नावेही तिने आठवून, विचारून, पुन्हा लावली. आज पाच वाजता नावे कायम होणार होती आणि खेळ पुन्हा सुरू.

“आयत्या बिळावर नागोबा,” थोरली म्हणाली. ऐकायला भिंतीवरच्या चष्म्यांच्या चौकटींखेरीज कुणी नव्हते. बीळ काही आयते नव्हते हे तिलाही कळत होते, आणि त्यानेच तिचा जास्त तिळपापड होत होता.

मोबाइल पुन्हा वाजला. खेळातला चोर, जो प्रत्यक्षात पोस्टमन होता, त्याने लिहिले होते, “बाकी राहू दे, होडीवालीचं शेवटचं पान कोणाचं ते सांगा. आमच्या घरी ते अजून मोठ्याने वाचतात.”

खाली धाकटीचे उत्तर होते. “ते कोरं ठेवलंय. ज्याचं त्याने नाव टाकावं.”

कोरे! थोरलीने यंत्र बंद केले. होडीवाली तिचे पात्र. पहिल्या दिवसापासून चार वर्षे तिने ती होडी वल्हवली होती. म्हातारी होडीवाली शेवटच्या उतारूला पलीकडे नेते, त्याच काठाला होडी बांधते आणि मागे न बघता चालू लागते. ते पान थोरलीला तोंडपाठ होते. पाहुणे जमले की म्हणून दाखवायचा आग्रह होई. अकराशे पानांची नावे लागली आणि नेमके एवढेच राहिले? तिने फोन लावला.

“होडीवालीचं पान कोरं का गं?”

“ताई, तुम्ही बघा ना एकदा. तुम्ही टाकाल ते नाव राहील.”

“म्हणजे तुला आठवत नाही?”

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज झाला. “पाचपर्यंत वेळ आहे, ताई. तुम्हीच टाका.”

हा मानभावीपणा थोरलीला अजिबात सहन झाला नाही. गुरूची विद्या गुरूलाच! नुसते नाव टाकून भागणार नव्हते. वहीचे पान फोटो काढून एकतीस जणांसमोर ठेवायचे होते. जेवणाच्या सुट्टीत ती घरी गेली, स्टूलवर चढली आणि माळ्यावरच्या पेटीतून जुन्या वह्या काढल्या. तारीख लगेच सापडली. अक्षर तिचेच होते.

‘फासा ४. कलम धाकटीकडे. होडीवालीला मारू नकोस म्हणून सांगितलं.’

तिने मागचे पान पाहिले, पुढचे पाहिले. दुसरी वही उघडून तारखा ताडून पाहिल्या. मग स्टूलवरच बसली.

वही तिची, फासा तिचा. पाहणारे कुणी नव्हते. तिने मोबाइलवर ते पान उघडले, रिकाम्या चौकटीत आपले नाव लिहिले आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिली. मग ते खोडून धाकटीचे लिहिले आणि बटण दाबले. मन मोठे वगैरे काही झाले नाही. उलट पोटात आणखीच दुखले. इतके चांगले तिने लिहावे, आणि तेही खेळायला लागल्याच्या पहिल्याच वर्षी!

दोन मिनिटांत फोन आला.

“ताई, माझं नाव पडलंय तिथे. चुकून दाबलं गेलं का?”

“चुकून नाही. वही सापडली.”

थोरलीने वही मिटली.

“तुला माहीत होतं?”

“मीच लिहिलं होतं ना, ताई.”

“मग मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत होते तेव्हा तोंड का नाही उघडलंस?”

“तुम्ही छान म्हणून दाखवायचात,” धाकटी म्हणाली. “मला ऐकायला आवडायचं.”

थोरलीला दिराच्या नव्या घरातली संध्याकाळ आठवली. पंधरा-वीस माणसांत ती होडीवालीचे पान म्हणत होती आणि शेवटाकडचे एक वाक्य काही केल्या आठवेना. स्वयंपाकघराच्या दारात हातात पाण्याचे पेले घेऊन उभ्या असलेल्या धाकटीने ते हळूच पुरवले होते. पान पुरे झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि थोरली धाकटीकडे बोट दाखवून हसत म्हणाली होती, “बघा, हिने माझं किती पाठ केलंय!”