भुताचं पोट दुखत नाही

मंदाताईंच्या भुताला लक्षणं मी पुरवते, हे आमच्या डॉक्टरांना कळलं तर दोघींनाही घरी बसवतील. सदाशिव पेठेतल्या या दवाखान्यात त्या रिसेप्शनवर, मी नर्स. त्याआधी बावीस वर्षं मी आयसीयूत काढली. 'निजवती' नावाच्या भुताची वेब मालिका संपली, चाहत्यांना करमेना, म्हणून तीच पात्रं घेऊन लोक एका ॲपवर आपापल्या गोष्टी लिहायला लागले. फॅनफिक्शन म्हणतात त्याला. पेशंटला "बसा" यापलीकडे दुसरा शब्द न देणाऱ्या मंदाताई तिथे पानंच्या पानं लिहितात आणि हजारो लोक वाचतात!

पहिला भाग वाचून मी कपाळावर हात मारला. मान मोडलेली बाई दोन पानं भाषण करत होती.

"भूत खोटं चालेल हो, शरीर तरी खरं लिहा," मी म्हटलं.

"मग सांग ना बिलकिस, कशी मरावी ती?"

मी मण्यार सापाचा दंश सांगितला. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला हा साप चावतो. दुखत नाही, सुजत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात कळा येतात, उलटी होते. मग पापण्या मिटतात, बोलणं नाकातून येतं, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास थांबतो. यातून साप काढला की भूत तयार. मंदाताईंनी सगळं जसंच्या तसं घेतलं, फक्त पोटदुखी खोडली. म्हणाल्या, "झपाटलेल्या बाईचं पोट दुखलं तर वाचक घाबरतील कुठले? ओवा द्यायला धावतील." मीही खो खो हसले.

त्या वाचकांची एक रीत आहे. गोष्टीखाली साधा अभिप्राय द्यायचा नाही, निजवती आपल्याच घरी आली असं लिहायचं. "सासूबाईंच्या पापण्या मिटल्या, आता टीव्हीचा रिमोट माझा." मंदाताई त्यावर निजवतीच्या तोंडून उत्तर देणार. पोरखेळ नुसता.

त्या मंगळवारी सकाळी साडेआठला मी दवाखाना उघडत होते. मंदाताई फोन नाचवत आल्या. "बघ, या मांजरी गावच्या मुलीनं काय झकास जमवलंय!"

प्रेमला नावाच्या मुलीनं लिहिलं होतं, 'आईच्या पापण्या उघडतच नाहीत. बोलणं नाकातून येतंय. पहाटेपासून पोट धरून बसली होती, दोनदा ओकली. पुढच्या भागात ती वाचते का? प्लीज सांगा ना.' खाली मंदाताईंचं उत्तर होतं, 'उशीर झाला, प्रेमला. ती आता माझी.' त्यावर चौदा जणांचे लाल बदाम.

मी किल्ली कुलपातच सोडली. "पोटाचं हिला कुणी सांगितलं?"

"कसल्या पोटाचं?"

"तुम्ही खोडलेल्या!"

मी त्यांचा फोन हिसकावून लिहिलं, 'हे भूत नाही. मण्यार चावली आहे. आत्ताच्या आत्ता फोन कर,' आणि माझा नंबर दिला. तिनं लिहून वीस मिनिटं झाली होती. या विषात वीस मिनिटं फार असतात.

"नाटक असेल गं तिचं," मंदाताई पुटपुटल्या.

"अल्ला करो नि नाटकच असो."

आठ मिनिटं गेली. मग फोन वाजला.

"ताई, तुम्हीच का निजवती?"

"मी नर्स आहे. आई कुठे झोपली होती?"

"खाली, जमिनीवर. पण चावल्याची खूण कुठंच नाही. आजोबा म्हणतात, बाहेरचं हाय. अंगाऱ्याचं पाणी पाजतायत."

"पाजू देऊ नकोस! एक थेंबही नाही! गिळता येत नाही तिला, पाणी फुप्फुसात जाईल. आजोबांना फोन दे."

गेनबा आजोबांचा आवाज चढलेला होता. "दात उमटला न्हाई तर साप कसला?"

"मण्यारीचा उमटत नाही, आजोबा. उसाच्या रानात जन्म गेला तुमचा, मी सांगायला हवं?"

आजोबा हळू म्हणाले, "परवा सरपणात एक मारलीती." आणि लगेच ओरडले, "गाडी काढा रं!"

मी प्रेमलाला म्हटलं, "आईला कुशीवर झोपव. एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते बघ. आणि मला ऐकव."

तिच्या आईनं, मुक्ताबाईंनी, नाकातून नऊपर्यंत मोजलं. दवाखान्याच्या दुसऱ्या फोनवरून मी माझ्या जुन्या आयसीयूत कळवलं, व्हेंटिलेटर आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन तयार ठेवा, आणि गाडी तिथेच न्यायला प्रेमलाला सांगितलं. गाडीत पुन्हा मोजलं तेव्हा सात झाले. मग चार. मंदाताई माझा दंड धरून उभ्या होत्या, नखं रुतेपर्यंत.

"ताई, आई मोजत नाही! ताई!"

"नाक दाब, तोंडाला तोंड लाव आणि फुंक. छाती वर येते का बघ. पोचेपर्यंत थांबायचं नाही."

फोन तुटला.

"ती आता माझी, असं लिहिलं मी त्या पोरीला," मंदाताई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. दिलासा द्यायला माझ्याकडे काय होतं डोंबल? लक्षणं माझी होती. लक्षणं खरी सांगून सापाचं नाव दडवण्यात मीही सामील होते. त्या पोरीनं आईची लक्षणं ओळखली ती आमच्या गोष्टीवरून, आणि औषध शोधायला ती गेली भुताकडे.

दहाला जुन्या आयसीयूतून निरोप आला. पोरगी दारापर्यंत फुंकत आली होती. बाई व्हेंटिलेटरवर होत्या, पण जिवंत होत्या.

सहाव्या दिवशी दुपारी प्रेमलाचा फोन आला. "नळी काढली, ताई. आई बोलायची म्हणते." मी स्पीकर लावला. मंदाताईंनी समोरच्या पेशंटला हातानंच गप्प बसवलं.

"काय बोलू, बाई?" मुक्ताबाईंचा आवाज घोगरा होता, पण नाकातला नव्हता.

"मोजा," मी म्हटलं.

मंदाताई बोटांवर मोजत होत्या. नऊ गेले, पंधरा गेले. बाविसावर मुक्ताबाई थांबल्या आणि दम घेऊन म्हणाल्या, "अजून मोजू का?"

"मोजा हो," मंदाताई म्हणाल्या, "मोजत राहा."