वसंतरावांच्या कडक स्प्रिंगा

वसंतराव शिंत्रे रेल्वेतून निवृत्त झाले, तेव्हा उज्जैनच्या माधव नगरातल्या शेजाऱ्यांना वाटलं की आता हा माणूस सकाळी राम घाटापर्यंत फिरायला जाईल आणि संध्याकाळी टावर चौकात बसून सरकारला शिव्या देईल. शिव्या त्यांनी दिल्याच, पण फिरायला जाण्याऐवजी स्पोर्ट्स कार घेतली. लाल, उघड्या टपाची, जेमतेम दोन माणसांची. लायसन्स-परमिटचे दिवस सरल्यापासून बाजारात नाही नाही ते यायला लागलं होतं, त्यातलीच ही एक. ज्यात भाजीची पिशवी ठेवायला जागा नाही त्याला गाडी कशाला म्हणायचं, असं त्यांच्या पत्नी नंदाबाईंनी पहिल्याच दिवशी सुनावलं.

इंदूरच्या एका मोटर क्लबने महूपुढच्या घाटात चढणीची शर्यत ठेवली आणि वसंतरावांनी तडक नाव दिलं. गाडीच्या मूळच्या स्प्रिंगा अगदीच मऊ होत्या, वळणावर गाडी कलायची. म्हणून त्यांनी कोइंबतूरहून नवा माल मागवला. स्प्रिंगांचे तीन संच आले, एक मऊ, एक मधला आणि एक कडक. सोबत चार शॉकर, प्रत्येकाच्या बुडाशी एक गोल बटण. ते फिरवलं की स्प्रिंगची उसळी कमी-जास्त आवरता येत असे.

आता स्प्रिंग म्हटलं की वसंतरावांना कोणी काही शिकवायचं कारण नव्हतं. सगळा जन्म त्यांनी मालगाडीचे डबे तपासण्यात घालवला होता. रुळाशेजारून चालताना नुसत्या आवाजावरून ते तुटलेली स्प्रिंग सांगत, आणि रतलामपर्यंत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. मुलगी केतकी पिथमपूरच्या कारखान्यात शॉकर तपासणारी इंजिनियर होती. तिने मधला संच बसवायला सांगितला. वसंतरावांनी ऐकून घेतलं आणि कडक संच बसवला.

टावर चौकात गाडी पारखायची एकच रीत. बॉनेटवर दोन्ही हात ठेवायचे आणि अंगातला सगळा जोर लावून दाबायचं. साडीवाले अरविंद जैन वजनाने भारदस्त, त्यांनी दाबलं तरी गाडी जागची हलली नाही. चौकाने माना डोलावल्या. वसंतरावांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की स्प्रिंगा सगळ्यात कडक आहेत, निवड माझी आहे, आणि घाटात इंदूरवाल्यांना उज्जैनचं पाणी पाजतो. छाती अशी फुगली होती की शर्टाच्या बटणांची काळजी वाटावी.

शनिवारी केतकी घरी आली आणि बापलेक गाडी घेऊन गावाबाहेर गेले. रेल्वे फाटकापर्यंत सगळं झकास होतं. मग रूळ आले. गाडी पहिल्या रुळावर उडाली, दुसऱ्यावर आपटली आणि मागची चाकं सरकून सरळ कडेच्या खड्ड्याकडे निघाली. वसंतरावांनी कशीबशी सावरली. जन्मभर ज्या रुळांनी त्यांना पोसलं, त्यांनीच आज त्यांची फजिती केली होती.

केतकी हळूच म्हणाली, “बाबा, वॅगनमध्ये ढीगभर कोळसा असतो. इथे फक्त तुम्ही आणि मी आहोत. हिला दबायला वजनच नाही, मग ही उडणारच ना.”

वसंतरावांना राग आला. त्याहून जास्त राग याचा आला, की पोरीचं बिल्कुल बरोबर होतं. त्यांनी गाडी मुकाट्याने घरी आणली आणि जॅक काढला.

मधला संच बसला. मग तो अख्खा रविवार दोघांनी त्याच फाटकावर घालवला. वसंतराव गाडी रुळांवरून न्यायचे आणि सांगायचे, मागचं डावं उशिरा बसतंय, पुढचं अजून डुलतंय. त्यांच्या बुडाला ते बरोब्बर कळत होतं. केतकी खाली वाकून बटण एक टक् पुढे, एक टक् मागे करायची आणि म्हणायची, आता न्या. फाटकवाल्याला आधी करमणूक झाली, मग कीव आली, शेवटी त्याने चहा दिला. दिवस कलता कलता गाडी रुळांवर दबली, उठली आणि गप्प बसली. वसंतरावांनी मुलीकडे पाहिलं. तिच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं आणि त्यांना ती फार देखणी वाटली. तसं ते म्हणाले मात्र नाहीत.

चौकालाही काही सांगितलं नाही. उलट गाडी टावर चौकात न्यायचीच बंद केली, कारण आता बॉनेट दाबलं असतं तर ते दबलं असतं. नंदाबाईंनी विचारलं, मुलीने केलं हे सांगायला जीभ का जड होते? वसंतरावांनी पेपर डोळ्यांसमोर धरला.

शर्यतीला जैन आणि चौकातली मंडळी गाडी करून आली. घाटाचा रस्ता जागोजागी उखडलेला होता. मोठ्या इंजिनांच्या गाड्या तिथे उड्या मारत होत्या, घसरत होत्या. वसंतरावांची लाल गाडी मात्र प्रत्येक खड्डा पोटात घालून वळणं घेत गेली. वर पोचून खाली आले तेव्हा त्यांचा दुसरा नंबर लागला होता.

क्लबचे अध्यक्ष महूचे निवृत्त मेजर होते. क्लबच्या गाड्यांच्या स्प्रिंगा नीट बसवून देईल असा माणूस ते शोधत होते. ते माइक हातात धरून आले आणि त्यांनी विचारलं, “ये सेटिंग किसकी है?”

“इन्हीं की है साब,” जैन गर्दीतून म्हणाले. “रेलवे वाले हैं. सबसे कड़क स्प्रिंग खुद चुनी है.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेजरांनी वसंतरावांचा हात हातात घेतला. मान नुसती हलवायची, की काम झालं होतं. त्या मानासाठी तर हा सगळा खटाटोप होता. केतकी गाडीमागे पाने-पकडी गोळा करत होती. तिने वर पाहिलं नाही, आणि ती बघणार नाही हे वसंतरावांना ठाऊक होतं. ती आयुष्यात कधी बोलली नसती.

त्यांनी मेजरांच्या हातून माइक घेतला.

“कड़क मैंने लगाई थी,” ते म्हणाले. “फाटक पर ही गाड़ी खड्डे में जा रही थी. ये स्प्रिंग मेरी बेटी ने चुनी है, सेटिंग भी उसी की है. केतकी शिंत्रे, पिथमपूर में इंजिनियर है. मैं इसका बाप हूँ.”

आणि हे शेवटचं वाक्य त्यांनी अशा थाटात म्हटलं, की पहिल्या नंबराचा करंडक घेऊन उभा असलेला माणूस आपल्याला नक्की काय मिळालं ते क्षणभर बघत राहिला.